चिठ्ठीप्रमाणे

ऑगस्टमध्ये माझ्या दुकानात कॉम्प्युटर विकायला कोणाला वेळ नसतो. दारव्ह्यासारख्या गावात या धंद्यातला माणूस त्या दिवसांत फक्त फॉर्म भरतो. महाडीबीटी, उत्पन्नाचा दाखला, आधार लिंक. साइट रात्री अकरानंतर चालते, आणि ओटीपी ज्या मोबाइलवर यायचा तो मोबाइल बापाच्या खिशात आणि बाप वावरात.

अशाच एका दुपारी काका आले. कास्तकार माणूस, आठ एकर कोरडवाहू. पोरीचा नंबर अमरावतीला इंजिनीअरिंगला लागलेला, कॉम्प्युटर ब्रँच. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींची फी सरकारनं माफ केली, तिचा फॉर्म मीच भरला होता. काका म्हणाले, "फी तं झाली भाऊ. आता लॅपटॉप तेवढा आपल्याले घ्या लागते. कोणता घ्याचा ते लिहून द्या."

समोर चौदा माणसं उभी. मी एका रद्द झालेल्या पावतीच्या पाठीमागे लिहिलं: आय-फाइव्ह, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी. माझ्याकडे मागवला तर नवा किती, तेही सांगितलं. ते ऐकून काकांनी चिठ्ठीची चार घडी घातली, बंडीच्या आतल्या खिशात ठेवली आणि म्हणाले, "पाहतो मंग."

दिवाळीनंतरच्या आठवड्यात बापलेक दोघं आले. लॅपटॉप पिशवीत, पिशवी प्लास्टिकच्या पिशवीत. पोळा झाल्यावर गोऱ्हा विकून नागपूरहून आणलेला, २६ हजारांचा. तक्रार अशी: तापतो, पंख्याचा आवाज येतो, चार्जर काढला की अर्ध्या तासात बंद. आणि मधूनच पडद्यावर काहीतरी इंग्रजी येतं.

ते इंग्रजी मला न वाचताच समजलं. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले, दिवाळीच्या बरोबर आठवडाभर आधी. त्या पंधरवड्यात तीच पाटी दाखवायला येणारा हा माझा सहावा लॅपटॉप होता.

पालथा केला. वरच्या झाकणाला नवं कोरं चकचकीत व्हिनाइल चिकटवलेलं. खालच्या बाजूला मात्र कुठल्याशा ऑफिसच्या मालमत्ता क्रमांकाची पट्टी ओरबाडून काढल्याचा डिंक तसाच. स्क्रू दहा हवेत, सात होते, त्यातही दोन वेगळ्या जातीचे. ऑफिसांतून भंगारात निघालेली मशिनं उक्ती घ्यायची, पुसायची, नवी एसएसडी टाकायची आणि विकायची, हा धंदा मोठा आहे आणि वाईटही नाही. मी स्वतः असे लॅपटॉप विकतो. पण कितव्या पिढीचा ते सांगून विकतो.

चालू करून प्रोसेसर पाहिला: आय-फाइव्ह ४३०० यू. हा आकडा वाचायचा कसा ते सांगतो, कारण हे कोणी सांगत नाही. 'आय-फाइव्ह' हे नुसतं आडनाव, माणूस कळतो पुढच्या आकड्यावरून. ४३०० म्हणजे चौथी पिढी, २०१३ ची. १२३५ असतं तर बारावी. शेवटचा 'यू' म्हणजे कमी वीज खाणारा. बारावीतला साधा आय-थ्री १२१५ यू सहा कोरचा, म्हणजे काम करणाऱ्या सहा डोक्यांचा आहे आणि हा आय-फाइव्ह दोन कोरचा. म्हणजे धाकट्या घरचा पोरगा थोरल्याला उचलून आपटेल. आणि विंडोज ११ साधारण आठव्या पिढीच्या खालच्या इंटेल प्रोसेसरला घरातच घेत नाही. दुसऱ्या कंपनीच्या, एएमडीच्या रायझन प्रोसेसरचं तर विचारूच नका, तिथं ७५२० यू मध्ये पहिला ७ पाहून गिऱ्हाईक खुश होतं आणि खरी गोम तिसऱ्या २ मध्ये असते, आत जुनी झेन-२ रचना. आता इंटेलनं नव्या चिप्समधून तो 'आय'च काढून टाकलाय. गिऱ्हाइकानं शिकावं तरी किती.

रॅम पाहिली. १६ जीबी, आठ-आठच्या दोन पट्ट्या, जुन्या डीडीआर-३ च्या, पण १६ खऱ्या. एसएसडी ५१२, खरी. बॅटरीचा रिपोर्ट काढला: मूळ क्षमता पन्नास हजार मिलीवॉट-तास, आता भरते तेरा हजार.

बिल मागितलं. कच्चं. त्यावर लिहिलेलं: जुना लॅपटॉप, आय-फाइव्ह, १६, ५१२, चेकिंग वॉरंटी ७ दिवस. नागपूरच्या दुकानदारानं कुठंच खोटं लिहिलं नव्हतं. डॉक्टरची चिठ्ठी पाहून मेडिकलवाला गोळ्या देतो तसं त्यानं माझी चिठ्ठी पाहून दिलं. वर्ष मीच लिहिलं नव्हतं.

हे डोक्यात फिरत असताना मी मागचं कव्हर उघडलं. पंख्याच्या तोंडाशी पांढरं काहीतरी गच्च. चिमट्यानं ओढलं तर अखंड निघालं, समईची वात वळता येईल इतका कापूस. मी पोरीकडं पाहिलं. ती लाजली. दिवाळीला घरी आली तर पहिल्या वेचणीचा कापूस अर्ध्या खोलीत भरलेला, बसायला जागा नाही. मग कापसाच्या गंजीवर बसायचं, लॅपटॉपही गंजीवरच ठेवायचा आणि असाइनमेंट करायच्या. हवा खालून ओढणाऱ्या मशिनला याहून मऊ मरण नाही. प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी जुनी थर्मल पेस्ट खडूसारखी सुकलेली होती, ती खरवडून नवी लावली. पंखा गप्प झाला. काका खुश.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतात, तेही जोडून दिलं. म्हणजे एक वर्ष निघेल. डिग्री चार वर्षांची आहे.

एवढ्यात काकांनी विचारलं, "बाकी चिठ्ठीप्रमाणंच आहे न भाऊ?"

मी म्हणालो, "हो."

हे 'हो' मला तेव्हापासून सोडत नाही. शब्द खरा होता. विकलेला गोऱ्हा परत येणार नव्हता, सात दिवस केव्हाच संपले होते, मग पोरीसमोर त्या माणसाला खाली कशाला पाहायला लावायचं, हे मी मनाशी म्हटलं. पण त्या 'हो'मध्ये माझी पाठही झाकली जात होती. पोरगी मात्र माझ्याकडं बघत होती. स्क्रीनवर ४३०० यू अजून तसंच होतं, आणि ती कॉम्प्युटरला शिकते.

काकांनी बंडीतून ती पावती काढली. घडीवर फाटत आलेली, पण जपलेली. म्हणाले, "आमच्या इथल्या एका पोट्ट्याले घ्याचा आहे. त्याच्या बापाले हे देऊन देतो. दुसऱ्या एकानं मोबाइलवर फोटो काढून नेला याचा."

मग काय करणार. ती चिठ्ठी मी त्यांच्या हातातून घेतली आणि खाली पेनानं लिहिलं: 'बारावी पिढी किंवा पुढची. आय-थ्री चालेल, ८ जीबी चालेल, रॅमची दुसरी जागा रिकामी हवी. पक्कं बिल.' लिहिताना अक्षर ऑगस्टपेक्षा फार सुबक आलं. दुकानात दोनच गिऱ्हाइकं होती, वेळ होता. तेव्हा नवा आय-थ्री मी ३६ हजारांना मागवून देऊ शकलो असतो. काकांना मी सांगितला होता तो आय-फाइव्हचा, १६ जीबीवाल्याचा भाव, आणि तो ऐकूनच त्यांनी चिठ्ठी घडी केली होती.

काकांनी चष्मा लावून वाचलं. मराठी चांगलं वाचतात ते, बँकेचे कागद वाचूनच सही करतात.

"हे पिढीचं पयले नोतं."

"नव्हतं. माझं लिहायचं राहिलं काका."

त्यांनी टेबलावरच्या लॅपटॉपकडे पाहिलं. "आपला कितवा व्हय?"

"चौथा."

"कोणत्या सालचा?"

"२०१३."

काकांनी पोरीकडं पाहिलं, हिशोब केला. "तू पयलीत होती तवा."

"बाबा, चालते तो," पोरगी म्हणाली. "कॉलेजच्या लॅबमध्ये आहेत न नवे."

नवी बॅटरी १,९०० ची. मी म्हटलं, बॅटरीचे देऊ नका. त्यांनी १,९०० मोजून काउंटरवर ठेवले, वर पंखा साफ करायचे दोनशे वेगळे ठेवले. चिठ्ठी पुन्हा चार घडी करून खिशात घातली. अमरावतीची बस दोन चाळीसला होती, पोरीचं अर्धं तिकीट, त्यांचं पूर्ण. लॅपटॉप पिशवीत ठेवताना त्यांनी पंख्याच्या जाळीवर बोट फिरवलं, कापूस राहिला का पाहायला.

ज्यानं फोटो काढून नेला, त्याचा नंबर मी मागून घेतलाय. तीनदा फोन केला, उचलत नाही.