सायटेशन : शून्य

दुपारी भाषाविज्ञान विभागातल्या मॅडम ग्रंथालयात आल्या आणि फाइल माझ्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, "स्कोपसला शून्य दाखवतंय हो. बढतीचा अर्ज परवा द्यायचाय." स्कोपस म्हणजे संशोधन-लेखांची ऑनलाइन सूची; कोणाच्या लेखाचा किती जणांनी हवाला दिला, म्हणजे सायटेशनं किती, ते तिथे दिसतं.

वीस वर्षं त्या एकाच बोलीवर काम करतायत. गावोगाव हिंडून, ओट्यावर बसून शब्द टिपलेले. ते शून्य बघून माझ्याच पोटात कालवलं.

स्कोपस फक्त त्याच्या यादीतल्या प्रकाशनांमागच्या संदर्भसूच्या मोजतं. मॅडमचे लेख मराठीत, त्यांचा हवाला देणारेही बहुतेक मराठीतच लिहिणारे. त्यातून आपल्याकडे संदर्भ तळटीपेत. एकदा नाव आलं की पुढे नुसतं 'तत्रैव', म्हणजे 'तिथेच'. ते कुठलं यंत्र मोजणार?

मी त्यांना फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ ज्यूल ब्लॉकचं उदाहरण दिलं. मराठीच्या जडणघडणीवरचा मूळ फ्रेंच ग्रंथ 1920 चा, वा. गो. परांजप्यांचा मराठी अनुवाद 1941 चा, इंग्रजी अनुवाद 1970 चा. कोणी एकाचा दाखला देतो, कोणी दुसऱ्याचा, आणि एकाच ग्रंथाची सायटेशनं अशी वाटली जातात.

इम्पॅक्ट फॅक्टरचा, म्हणजे नियतकालिकातल्या लेखांना सरासरी किती हवाले मिळाले त्याचा, हिशेब तर मला आमच्या विषयापुरता अन्यायाचाच वाटतो. त्यात नियतकालिकाच्या मागच्या दोनच वर्षांतले लेख धरतात. बोलीचं वर्णन दोन वर्षांत शिळं होतं का? ग्रीअर्सनच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा मराठीवरचा खंड 1905 चा, आजही तो कपाटातून काढून द्यावा लागतो.

मग आम्ही दोघी जुने अंक आणि प्रबंध घेऊन खालीच बसलो. पानं उलटायची, तळटीप सापडली की चिठ्ठी घालायची. एका प्रबंधात मॅडमनी टिपलेली नांगराच्या भागांची सगळी नावं पानभर उतरवली होती, उच्चाराच्या खुणांसकट. खाली बारीक टाइपात मॅडमचं नाव, आणि आडनाव चुकलेलं. मॅडम त्या पानावर बराच वेळ बोट ठेवून होत्या. "यातले चार शब्द सांगणाऱ्या आजी मागच्या वर्षी गेल्या," म्हणाल्या.

ग्रंथालय बंद व्हायच्या वेळेपर्यंत 11 चिठ्ठ्या झाल्या. अर्जाच्या रकान्यात स्कोपसचं शून्य तसंच ठेवलं, खाली 'मुद्रित संदर्भ : 11' असं लिहिलं आणि अकराही पानांच्या झेरॉक्स जोडल्या. नांगराचं पान मॅडमनी सगळ्यात वर लावलं.