मेहरानगडावर मांगणियारांच्या तालात

वांद्र्याहून सूर्यनगरी एक्स्प्रेसने जोधपूरला उतरलो आणि दुपार कलायच्या आत गडाच्या चढाला लागलो. राव जोधाने १४५९ मध्ये पाया घातलेला मेहरानगड खालच्या निळ्या घरांवर सरळ कड्यासारखा उभा आहे. या खेपेला मात्र झरोके, तोफा, पालख्या सगळं भराभर पाहून घेतलं. ओढ संध्याकाळची होती.

जोधपूर रिफ हा लोकसंगीताचा महोत्सव २००७ मध्ये सुरू झाला. तो शरद पौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे आपल्या कोजागिरीच्या दिवसांत भरतो. गडाच्या जुन्या चौकात मंच, समोर बसलेले लोक, आणि चंद्र तटावर येईपर्यंत भिंती पुरत्या काळ्या. मंचावर फेटे बांधलेले मांगणियार लोकगायक ओळीने बसले होते. गजाने वाजवायचा कमायचा, ढोलक, खडताल, तोंडाशी धरून वाजवायचं एक मोरचंग आणि गाणारे गळे. समोर ध्वनिक्षेपक होते तेवढेच, बाकी विजेवर चालणारं काही नाही.

'खम्मा घणी' हा मारवाडी नमस्कार झाल्यावर थेट ठेका येईल असं वाटत होतं. आला नाही. सगळ्यांत वयस्कर गायकाने हात पुढे करून एक दोहा उचलला, कुठल्याही तालाशिवाय. स्वर इतका उंच लावला की मागचे लोक बोलायचे थांबले. कमायचा त्याच्या मागोमाग सावकाश चालत होता. मग दुसऱ्याचा दोहा. ढोलकवाला मांडीवर हात ठेवून नुसता ऐकत होता, आणि मला वाटतं त्या रात्रीचा सगळा जोर तिथेच साठत होता. पहिली थाप पडली तेव्हा अंगावर काटा आला. त्या थापेची आम्ही इतका वेळ वाट पाहत होतो!

पुढे लय पायरीपायरीने चढली. मधेच थांबून पुन्हा दोहा, पुन्हा उचल, आणि दर वेळी आधीपेक्षा किंचित जलद. मग खडतालवाले गुडघ्यांवर आले.

खडताल म्हणजे शिसवीच्या चार सपाट पट्ट्या, एकेका हातात दोन. आपल्या चिपळ्यांसारख्या झांजा त्यांना नसतात. कातडं नाही, तार नाही. एक पट्टी अंगठ्याच्या बेचक्यात धरलेली, दुसरी बोटांवर जवळजवळ मोकळी. मनगट थरथरलं की लाकडाचा असा कडकडाट होतो की ढोलकही मागे पडावी. ढोलक आणि खडताल यांची सवाल-जवाबाची फेरी सुरू झाली. ढोलकने तुकडा टाकायचा, खडतालने तो दुप्पट करून परत फेकायचा. वादकाचे हात डोक्यावर, खांद्यामागे, पुन्हा छातीशी. समेवर सगळे एकदम थांबले तेव्हा चौकातला माणूस न् माणूस उभा होता.

मांगणियार जैसलमेर-बाडमेरकडचे. धर्माने मुसलमान, त्यांचे जजमान, म्हणजे पिढीजात आश्रयदाते, बहुतांशी राजपूत. जजमानाच्या घरी जन्म असो, लग्न असो, गाणं यांचंच. त्यामुळे कृष्णाचं पदही त्यांच्या घरचं आणि सूफी कलामही घरचंच. लंगा या तिकडच्याच दुसऱ्या गायक समाजाचे जजमान सिंधी सिपाही मुसलमान, आणि त्यांच्या हातात कमायच्याऐवजी सिंधी सारंगी दिसते. पिढ्यान् पिढ्या एकेका अंगणात गायलेलं हे गाणं मंचावर आणण्यात लोकसंगीताचे अभ्यासक कोमल कोठारींचा (१९२९–२००४) फार मोठा वाटा. लेखक विजयदान देथांच्या जोडीने त्यांनी १९६० मध्ये बोरुंदा गावात रूपायन संस्थान ही लोककलांची संस्था उभी केली आणि या कलावंतांच्या दारी जाऊन गाणी ध्वनिमुद्रित केली. समोरचा दोहा ऐकताना त्यांचे ऋण जाणवत होते.

उशिरा एक फ्यूजनचा कार्यक्रम झाला. त्यात ड्रमसेट आणि बेस गिटार होते. लोक नाचले, पण माझं मन रमलं नाही. कमायचा त्यात ऐकूच येईना. आंब्याच्या लाकडाचं गोल पोट, त्यावर बकऱ्याचं कातडं आणि आतड्याच्या मुख्य तारा, यांतून निघणारा तो खर्जातला, जरासा खरखरीत स्वर बेसच्या खाली गाडला जातो. आणि तो गेला की वरचा सगळा वेग पोकळ वाटतो. पुढच्या पिढीने कमायचा सोडू नये असं मनापासून वाटतं, कारण तो बनवणारे हातही आता थोडेच उरलेत.

पहाटे महोत्सवाच्याच बैठकीसाठी जसवंत थडा या राजस्मारकापाशी गेलो. संगमरवरी वास्तू, समोर गड, आणि सूर्य उगवण्याआधीचं गाणं. रात्री उशिरा झोपून उठणं जिवावर येतं, तरी ही बैठक चुकवू नका. अंगावर शाल घ्या. दिवसा गडाच्या आवारात छोट्या बैठकी होतात, तिथे कमायच्याच्या अगदी जवळ बसायला मिळतं. रात्रीच्या मोठ्या कार्यक्रमाआधी अशी एखादी ऐकलीत, तर गर्दीतही त्याचा स्वर वेगळा ओळखता येईल.