कल्याणहून पुण्याला, नाणेघाटाच्या वाटेने

येशूच्या बारा शिष्यांपैकी एक, प्रेषित बर्थलमय कल्याणला आला होता, ही परंपरा मी धर्मगुरू होण्यासाठी सेमिनरीत शिकत असताना ऐकली आणि पुढे धर्मग्रामांच्या कामात ती तशीच मागे पडून राहिली. निवृत्त होऊन पुण्यात आल्यावर मात्र वाटू लागले की, तो खरोखर कल्याणला उतरला असेल तर ज्या वाटेने घाटावर आला असता, ती नाणेघाटाची जुनी वाट पाय चालत आहेत तोवर चालून घ्यावी.

आधार तसा तोकडा आहे. अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती शिक्षक पँटिनस दुसऱ्या शतकाच्या अखेरीस ‘इंडिया’त पोहोचला, तेव्हा बर्थलमयने मागे ठेवलेले मत्तयाचे हिब्रू लिपीतले शुभवर्तमान त्याला तेथील ख्रिस्ती लोकांजवळ आढळले, असे चर्चचा इतिहासकार युसेबियस चौथ्या शतकात लिहितो. हा ‘इंडिया’ म्हणजे अरबस्तान किंवा इथिओपिया, असे मानणारे अभ्यासक पुष्कळ आहेत. काहींनी तो आपला कोकणकिनारा धरून कल्याणचे नाव पुढे केले. मला स्वतःला कॉस्मस इंडिकोप्लुस्टिसची नोंद अधिक भक्कम वाटते. सहाव्या शतकातला हा व्यापारी, कल्याणला इराणहून नेमलेला बिशप आहे, असे सरळ लिहून ठेवतो. ‘तुमचा धर्म इंग्रजांबरोबर आला ना?’ हा प्रश्न जन्मभर ऐकलेल्या माणसाला घराबाहेर पडायला एवढे पुरेसे होते.

डिसेंबरात सकाळच्या गाडीने कल्याणला उतरलो, खाडीकाठी प्रार्थना केली आणि मुरबाडचा रस्ता धरला. शहाड, गोवेली, मुरबाड, सरळगाव हा टप्पा ट्रक आणि धुळीचा आहे; त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही. टोकावड्याच्या पुढे एका घराच्या ओट्यावर टेकलो, तर घरधनीण म्हणाली, “एकलेच कसे, बाबा? दिंडी पुढं गेली काय?” मी ख्रिस्ती धर्मगुरू आहे, असे सांगितल्यावर तिने माझ्या हातातल्या जपमाळेकडे पाहिले आणि विचारले, “मग तुमचा देव घाटावर का?” माझे घर घाटावर आहे, असे मी म्हणालो. “म्हणजे घरीच चाललाय की,” म्हणत तिने तांदळाची भाकरी आणि वालाची उसळ पुढे केली.

वैशाखऱ्याच्या पुढे डांबरी रस्ता सोडून जंगलातली वाट सुरू होते आणि शेवटच्या चढावर खडकात खोदलेल्या पायऱ्या लागतात. त्या इतक्या झिजल्या आहेत की काठीचे टोक कुठे टेकवावे, हे प्रत्येक पायरीवर पाहावे लागते. माथ्याजवळ सातवाहनांनी कोरलेले लेणे आहे. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे; त्याच्या आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र-सूर्य आणि लोकपाल यांना नमन असून पुढे यज्ञांची आणि त्यांतल्या दक्षिणेची लांबलचक यादी येते. मागच्या भिंतीवर राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या, त्यांची आता फक्त पावले उरली आहेत आणि वर नावे. हा लेख इसवी सनपूर्व पहिल्या शतकातला मानतात. म्हणजे कोणी प्रेषित या पायऱ्या चढला असता, तर त्यालाही तो जुनाच दिसला असता. लेण्यासमोर बसून मी मिस्सा, म्हणजे आमची ख्रिस्ती उपासना, अर्पण केली. खिंडीच्या तोंडाशी जकातीचा म्हणून दाखवतात त्या दगडी रांजणाशी काही मुले फोटो काढत होती, त्यांनी मला पाणी दिले.

तिथून घाटघर आणि मग जुन्नर. या मुलखात बिबट्यांचा वावर आहे, त्यामुळे एकट्या म्हाताऱ्याला पाहून जो तो बजावत होता की, दिवेलागणीनंतर उसाकडेने जाऊ नका. मीही सूर्य कलला की मुक्काम शोधत असे. जुन्नरात मला पाहायची होती ती मानमोडीची लेणी. तिथल्या चैत्यगृहाचे दर्शनी काम चंद नावाच्या यवनाचे, म्हणजे त्या काळच्या भाषेत ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेल्या परक्याचे, दान आहे, असे कोरलेले आहे. शिवनेरीच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने दिलेल्या पाण्याच्या दोन टाक्यांचा उल्लेख आहे. तिथवरची चढण गुडघ्यांना मानवली नाही. बंदरावर उतरलेली परकी माणसे या घाटाने वर येत, इथल्या बौद्ध संघाला दान देत आणि आपले नाव इथल्या भाषेत कोरून घेत, एवढे तरी या दगडांवरून निश्चित कळते.

नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर, चाकण हा पुणे-नाशिक महामार्ग पायी चालणाऱ्यासाठी केलेलाच नाही. मी तो हट्टाने चाललो आणि कोणाला तसे करायला सांगणार नाही. जुन्नरला एसटीत बसलात तरी काही बिघडत नाही. पुण्यात थेट नाना पेठेतल्या सिटी चर्चमध्ये गेलो. 1792 साली सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेल्या जागेवर उभे राहिलेले हे पुण्यातले पहिले चर्च.

संध्याकाळी निवासात एका सहकारी धर्मगुरूने विचारले, “मग, सापडला का बर्थलमय?” मी त्याला चंद आणि इरिलविषयी सांगू लागलो. यवन दाते आले म्हणून प्रेषित आला, असे होत नाही, हा त्याचा मुद्दा बिनतोड होता. पण त्याने युसेबियसचा खंड कपाटातून काढला आणि जेवणाची घंटा होऊन गेली तरी आम्ही दोघे त्या एका परिच्छेदावर भांडत होतो.