आईबाबांनी यायलाच हवं का?

मार्च उजाडला की आमच्या मे महिन्यातल्या निसर्ग शिबिरासाठी फोन सुरू होतात. जागा कुठे, जेवण काय, संडास कसला (हा प्रश्न जरा आवाज उतरवून), साप निघतात का. सगळं विचारून झालं की फोन ठेवता ठेवता खरा प्रश्न येतो. “ताई, आम्ही यायलाच हवं का? शुक्रवारी संध्याकाळी आणून सोडतो, रविवारी दुपारी न्यायला येतो. फी दोघांची घ्या हवं तर.”

तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगते. यायलाच हवं. तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या आमच्या शिबिरात घरचं एक मोठं माणूस पूर्ण वेळ बरोबर लागतं. आई, बाबा, आजी, आजोबा, मामा, आत्या, कोणीही चालेल. माझ्या सोयीचं विचाराल तर मोठी माणसं नसलेलीच बरी. मुलं सकाळी सहाला उठून मातीत उकिडवी बसलेली असतात. मोठ्यांना आधी चहा लागतो, मग चार्जिंगला जागा लागते, आणि अकरा वाजले की पंखा. तरीही हा नियम मी वाकवत नाही.

आधी जागेबद्दल. भोरच्या पुढे, वरंध घाटाच्या अलीकडे एका वाडीत आम्ही उतरतो. मे महिन्यात लोक इथून गाडी न थांबवता कोकणात जातात, कारण डोंगर पिवळे पडलेले, ओढा आटलेला. “पावसाळ्यात ठेवा ना शिबिर, सगळं हिरवंगार असतं,” असंही बरेच जण सुचवतात. पावसाळ्यात इथे धुकं असतं, वाटा निसरड्या होतात, आणि चार वर्षांच्या मुलाला रेनकोटच्या टोपीतून स्वतःचे पायसुद्धा दिसत नाहीत. त्यापेक्षा मे बरा. करवंदं पिकायला लागलेली असतात, आळू आणि जांभळं असतात. काटेसावरीची बोंडं फुटून कापूस वाऱ्यावर निघालेला असतो. आंब्यावर लाल मुंग्यांनी पानाला पान शिवून केलेली घरटी असतात. महिना संपत आला की पावश्या दिवसभर ‘पेर्ते व्हा’ ओरडतो आणि रात्री काजवे दिसू लागतात. काजव्यांसाठी आम्ही कुठे जात नाही. भंडारदऱ्याच्या बाजूला शनिवार-रविवारी गाड्यांच्या दिव्यांची जी रांग लागते, तिच्यात काजव्यांना एकमेकांचे दिवे दिसत असतील का, याचीच मला शंका आहे. वाडीतल्या बेहड्यावर दिसतील तेवढे बघतो आणि झोपतो.

पण मुलांचा सगळ्यात जास्त वेळ जातो तो घराच्या वळचणीखालच्या भुरभुरीत मातीत. तिथे उतरत्या भिंतींचे छोटे गोल खळगे असतात. तळाशी मुंगीसिंहाची अळी मातीत दडून बसलेली असते. मुंगी कडेवर आली की पायाखालची माती घसरते, मुंगी वर चढू बघते, आणि खालून अळी डोक्याने माती उडवून तिला पाडते. हीच अळी पुढे पंख फुटून चतुरासारखी दिसते, हे मी मुलांना सांगत नाही. त्यांना त्याची गरज नसते. त्यांना मुंगी वर पोहोचते की नाही, एवढंच बघायचं असतं. एका खळग्याशी चार वर्षांचं मूल अर्धा तास सहज बसतं. आणि तिसऱ्याच मिनिटाला मागून हाक येते, “चल, पुढे अजून खूप बघायचंय!”

पुढे काही नसतं. पुढे दुसरा खळगा असतो.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग १९८५ साली प्रसिद्ध झाला. एका मोठ्या टेबलावर जाड काच, काचेखाली अर्ध्या भागात नक्षी अगदी चिकटून आणि उरलेल्या भागात ती साधारण फूटभर खाली, म्हणजे बाळाला तिथे पायरी उतरल्यासारखी दिसावी. एक वर्षाची बाळं अलीकडे आणि त्यांच्या आया पलीकडे. बाळ रांगत कडेपर्यंत यायचं, थांबायचं आणि आईच्या चेहऱ्याकडे बघायचं. आयांना सांगितलेलं होतं की बोलायचं नाही, फक्त ठरवून दिलेला भाव चेहऱ्यावर ठेवायचा. जिथे आईचा चेहरा आनंदी होता तिथे १९ पैकी १४ बाळं काच ओलांडून गेली. जिथे घाबरलेला होता तिथे १७ पैकी एकही गेलं नाही.

हे मी दर वर्षी वळचणीखाली बघते. मूल सुरवंटाकडे हात नेतं आणि मध्येच थांबतं. सुरवंटाकडे बघत नाही, माझ्याकडेही बघत नाही, मान वळवून आईला शोधतं. मी हसून कितीही मान हलवली तरी उपयोग नाही, मी त्याची कोण? (सुरवंटाला हात लावू द्यावा की नाही हे सुरवंट कोणता आहे यावर अवलंबून. केसाळ असेल तर मीही नाहीच म्हणते.) तुम्ही मुलाला सोडून गेलात तर दोन दिवस ते माझा चेहरा बघायला शिकेल, कारण दुसरा इलाज नसतो. चिखलात बसेल, झाडावर चढेल, फोटो छान येतील. रविवारी तुम्ही न्यायला याल, त्याच्या ढोपरावरची खरचट बघून तुमच्या कपाळावर आठी पडेल, आणि दोन दिवसांचा हिशोब तिथेच पुसला जाईल. मुलाला मी काय देऊ शकते? परवानगी. आणि ती देणारी मी नव्हे, तुम्ही आहात. वर्षाचे बाकीचे सगळे दिवस ते तुमच्याकडे असतं.

कोणी म्हणेल, जुन्या काळी कुठे आईबाप मागे फिरायचे? खरं आहे. आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण तर कोसबाडचंच. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे ते डहाणू तालुक्यातच कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी ते आयुष्यभर चालवलं. वारली मुलं शाळेत येत नाहीत, कारण ती गुरांमागे असतात, म्हणून या बायकांनी शाळाच कुरणावर नेली. कुरणशाळा. महागड्या मॉन्टेसरी साहित्याऐवजी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं. त्याआधी बालवाडी मुलांच्या अंगणात नेली होती. आज गावोगावच्या अंगणवाड्या १९७५ पासून केंद्र सरकारच्या योजनेत चालतात, त्यांचं मूळ त्या अंगणात आहे. या सगळ्यात पालक कुठे होते? शेतावर, कामावर.

पण नीट बघा, कुरणावर कोण पाहुणं होतं? शिक्षिका. मुलांना कोणत्या झाडाला हात लावायचा, विंचू कुठल्या दगडाखाली असतो, हे शिक्षिकेपेक्षा जास्त ठाऊक होतं. बाहेर जायची परवानगी त्यांनी कोणाकडे मागायचा प्रश्नच नव्हता. आपली मुलं सहाव्या मजल्यावर राहतात. खाली उतरायचं तर कोणीतरी लिफ्टचं बटण दाबावं लागतं. ताराबाई-अनुताईंपुढे अडचण होती मुलांना शाळेपर्यंत आणायची. आपल्यापुढे ती बरोबर उलटी आहे, आणि ती सोडवायची तर ज्याचा हात बटणापर्यंत पोहोचतो त्याला बोलवायला हवं.

सुरक्षिततेबद्दल विचारता ते योग्यच. विंचू आहेत, साप आहेत. घाट उतरलं की महाड. तिथल्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर काम केलं. प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध त्यांनी दंश झालेल्यांना द्यायला सुरुवात केली आणि ज्या दंशाने कोकणात लहान मुलं पटापट दगावत असत, त्याचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आमचे नियम साधे आहेत. बूट घालण्याआधी आपटून घ्यायचे. दगडांच्या आणि लाकडांच्या ढिगात हात घालायचा नाही. अंधारात बॅटरीशिवाय पाऊल नाही. जमिनीवर झोपायचं तर मच्छरदाणी गादीखाली चारही बाजूंनी खोचलेली हवी, कारण मण्यार रात्री अंथरुणात शिरतो. जवळच्या सरकारी दवाखान्यात सर्पदंशाची लस आहे ना, हे मी शिबिराआधी स्वतः जाऊन विचारून येते. खाजकुयलीच्या शेंगा कुठे लटकल्यात ते पहिल्या दिवशी सगळ्यांना दाखवते, मोठ्यांना आधी. मुलं ऐकतात, बाबालोकच हात लावून बघतात.

माझी तक्रार वेगळीच आहे. आईबाबांची भीती बहुतेक वेळा भलत्या जागी असते. मूल अनवाणी मातीत उतरलं की तीन जण धावतात. तेच मूल विहिरीच्या कठड्याशी गेलं तर बाबा खांद्यावर हात ठेवून सेल्फी काढतात. काळ्या मुंगीला घाबरतात, पण साडेअकराच्या उन्हात टोपी आणि पाणी विसरतात. आम्ही साडेदहानंतर सावली सोडत नाही, ते साडेचारपर्यंत. ताक, पन्हं, कोकम सरबत, झोप. शहाण्या माणसाने मे महिन्यात दुसरं काही करू नये. पण “दुपारची अॅक्टिव्हिटी काय आहे?” हा प्रश्न येतोच. झोप, मी सांगते. मग काही जण वाडीच्या टोकाला जाऊन रेंज शोधतात.

आणि ज्यांना खरोखर भीती वाटते, सरड्याची म्हणा, पालीची म्हणा, त्यांनी ती लपवू नये. मुलं लगेच ओळखतात. एक आई शिबिरभर सरडा दिसला की चार पावलं मागे जायची आणि लेकीला म्हणायची, “मला भीती वाटते गं, पण तू बघ, मी इथेच उभी आहे.” शेवटच्या दिवशीही तिची भीती तेवढीच होती. मुलगी मात्र रोज सरडा शोधायची. यापेक्षा जास्त मी कोणत्याही पालकाकडून मागत नाही.

मुलं निसर्गाची माहिती घेऊन परत जातील का, असंही विचारता. फारशी नाही. दहा पक्ष्यांची नावं पाठ करून घ्यायची असतील तर त्याला पोस्टर पुरे. काही फायदे मोजलेलेही आहेत. चीनमधल्या ग्वांगझो शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जास्त बाहेर ठेवलं, तेव्हा तीन वर्षांत लांबचं अंधुक दिसू लागलेल्या मुलांचं प्रमाण ३०.४ टक्के राहिलं, नेहमीसारख्या शाळांमध्ये ते ३९.५ टक्के होतं. पण त्यासाठी भोरपर्यंत यायची गरज नाही, इमारतीचं आवार पुरतं. बहुतेक आवारात गुलमोहर असतो, भिंतीच्या कोपऱ्यात कुंभारीण माशी मातीचं घर बांधत असते, पार्किंगच्या मागच्या कोरड्या पट्टीत नीट बघितलंत तर मुंगीसिंहाचे खळगेही सापडतील. तिथे अर्धा तास उभं राहायची तयारी तुमच्या पायांत हवी, मुलाच्या पायांत ती आधीच असते. शिबिरात सराव करायचा तो एवढाच, आणि तो मुलाकडून करून घेता येत नाही.

मूल सात-आठ वर्षांचं झालं की माझा नियम उलटा होतो. तेव्हा आईबाबांनी यायचं नाही, वाडीच्या फाट्यावरूनच परत फिरायचं. त्या वयात त्यांना तुमचा चेहरा बघायचा नसतो, एकमेकांचे बघायचे असतात. त्या शिबिराला “आम्ही राहू का?” असे फोन येतात. गंमतच आहे.

आता तुमच्या घरचं. तुम्हाला दोघांनाही सुट्टी नाही म्हणालात, पण मुलाची आजी येऊ शकेल, फक्त तिला गुडघ्यांमुळे चालवत नाही. आजीलाच पाठवा. चालायचं आहेच किती? वळचणीखाली तिच्यासाठी खुर्ची ठेवते. मागच्या खेपेला अशाच एका आजींनी करवंदाचं लोणचं कसं घालायचं यावर वाडीतल्या मावशींशी तासभर वाद घातला, आणि मुलं तेवढ्या वेळात निवडायला ठेवलेली करवंदं संपवून मोकळी झाली. संडास कमोडचा आहे, हेही आजींना सांगा. फी एकाच मोठ्या माणसाची.