टॉकबॅक होस्टची भूमिका आणि स्टुडिओत बसायची परवानगी

सिडनीत नाटकात टॉकबॅक होस्टची, म्हणजे श्रोत्यांचे फोन हवेवर घेणाऱ्या रेडिओ होस्टची भूमिका करायला घेतली असेल, तर स्टुडिओ बघायला मोठ्या स्टेशनच्या मागे लागू नका. आपल्या भागातल्या, स्वयंसेवकांनी चालवलेल्या कम्युनिटी रेडिओला सरळ फोन करा. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर तालमींचे आठवडे वाया गेले नसते. नाटक होऊन गेलं, तरी तो राग अजून उतरलेला नाही.

नाटक इंग्रजी, इथल्याच हौशी संस्थेचं. माझ्या वाट्याला आला होता भारतीय वंशाचा होस्ट. रोज सकाळी नव्याने आलेल्या स्थलांतरितांवर तोंडसुख घेणारा, फोन करणाऱ्याला डिवचून बोलतं करणारा आणि हवं ते त्याच्या तोंडून निघालं की लाइन कापणारा. पाठांतर, उच्चार हे सगळं नेहमीसारखं पार पडलं. ऐकायला खंडीभर साहित्य आहे. ऑस्ट्रेलियात श्रोत्यांचे फोन असे हवेवर घेणं १९६७ मध्ये कायदेशीर झालं, तेव्हापासून हा प्रकार एएमवर जोरात चालला. इथले गाजलेले टॉकबॅक होस्ट जॉन लॉज यांचा सोनेरी माईक तर प्रसिद्धच. १९९९ च्या ‘कॅश फॉर कॉमेंट’ प्रकरणाबद्दल मिळेल ते वाचलं. कंपन्यांचे पैसे घेऊन होस्ट त्यांच्या बाजूने बोलत होते आणि श्रोत्यांना ते त्यांचं स्वतःचं मत वाटत होतं. माझ्या पात्राचा राग कुठे खरा आणि कुठे विकाऊ, हे ठरवायला त्याचा फार उपयोग झाला.

घोडं अडलं ते हातांपाशी. आवाज रेकॉर्डिंगमधून उचलता येतो, हात येत नाहीत. होस्ट बोलताना कशाला हात लावतो? बघतो कुठे? समोरचा रडायला लागला की बोटं काय करतात? रंगमंचावर मी दीड तास टेबलामागे बसलेला असणार, प्रेक्षकांना माझे हातच दिसणार. मला एक सकाळ काचेपलीकडे गप्प बसून बघायचं होतं, एवढंच.

एका मोठ्या स्टेशनला ईमेल केला. उत्तर आलं, फॉर्म भरा. फॉर्ममध्ये भेटीचा उद्देश लिहायला एक ओळ आणि विम्यासाठी अख्खं पान! माझ्यामुळे तिथे कुणाला इजा झाली तर, म्हणून वीस मिलियन डॉलरचं पब्लिक लायबिलिटी कव्हर हवं. आमच्या संस्थेचा विमा दहाचा. खजिनदारांना विचारलं, त्यांनी विमा कंपनीला विचारलं, कव्हर वाढवायचे पैसे नाटकाच्या बजेटमधून काढले. नवं सर्टिफिकेट पाठवलं, तर म्हणे त्यावर संस्थेचं नाव आहे, तुमचं वैयक्तिक नाव नाही. संस्थेच्या लेटरहेडवर मी त्यांचा सभासद असल्याचं पत्र दिलं. मग गोपनीयतेचा करार आला. त्यावर सही केली. त्यानंतर सगळं शांत.

फोन केला की रिसेप्शनवरची बाई अदबीने सांगायची, ‘कागद प्रोग्रॅमिंगकडे गेलेत.’ प्रोग्रॅमिंग म्हणायचं, ‘लीगलकडे आहेत.’ लीगलचा नंबर बाहेरच्यांना देत नाहीत. नाही म्हणून टाका की! नकार मिळाला असता तर मी त्याच दिवशी दुसरीकडे गेलो असतो. ताकास तूर लागू न देता माणसाला ताटकळत ठेवणं मला नकारापेक्षा जास्त अपमानाचं वाटतं. इकडे दिग्दर्शिका रोज विचारायची, ‘हात कधी बसणार?’ मी टेबलावर पुठ्ठ्याची बटणं चिकटवून अंदाजाने तालमी करत होतो. (संस्थेचा विमा किती रकमेचा आहे, हे कुठलाही फॉर्म मागवण्याआधी बघून ठेवा.)

शेवटी ग्रुपमधल्या एका मुलीने तिच्या उपनगरातल्या कम्युनिटी स्टेशनचा नंबर दिला. तिथल्या निवृत्त स्वयंसेवकाने फोनवरच सांगितलं, ‘मंगळवारी ये, येताना बिस्किटं आण.’

त्या सकाळी जे दिसलं ते कुठल्याच रेकॉर्डिंगमध्ये नव्हतं. होस्टच्या समोर स्क्रीन. आतल्या खोलीतली प्रोड्यूसर फोन करणाऱ्याचं नाव, उपनगर आणि मुद्दा त्यावर टाइप करते. होस्ट एका माणसाशी भांडत असताना त्याचे डोळे मात्र पुढच्या नावांवर फिरत असतात. घरी रेडिओला कान लावून बसलेल्याला वाटतं, हा किती तल्लीन होऊन ऐकतोय! आणि होस्टच्या डाव्या हाताखाली फोनवरच्या माणसाचा फेडर, म्हणजे त्याचा आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी. आवाज चढवायची गरजच नाही. फेडर बोटभर खाली आणला की समोरचा कितीही ओरडला तरी लांब गेल्यासारखा वाटतो आणि होस्ट वाद जिंकलेला असतो. मला ते बघून संताप आला, आणि माझी भूमिका तिथेच सापडली.

मराठी रंगभूमीवर शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय लागलेल्यांनी हे नीट लक्षात घ्यावं. हा माणूस माईकपासून वीतभर अंतरावर कुजबुजल्यासारखा बोलतो. जोर आवाजात नाही, हातात आहे.

डंप बटणावर प्लॅस्टिकचं झाकण होतं, चुकून दाबलं जाऊ नये म्हणून. कार्यक्रम काही सेकंद उशिरा हवेत जातो. कुणी नको ते बोललं की ते बटण दाबून तेवढा तुकडा गाळायचा. एकदा दाबलं की हाताशी राखलेले सेकंद खर्च झाले, ते पुन्हा साठेपर्यंत होस्ट सावध होतो. मी संहितेतल्या त्या प्रसंगानंतरची चार वाक्यं हळू आणि तोलून म्हणायला लागलो. दिग्दर्शिकेला कारण सांगावं लागलं नाही.

आणखी एक, बातम्यांचं घड्याळ. ठरल्या वेळेला बातम्या सुरू होतात, मग समोरचा आईच्या मरणाबद्दल का बोलत असेना. त्यामुळे होस्टची नजर सतत तिकडे जाते. नेपथ्यात खरं चालणारं घड्याळ मागून घ्या.

आणि फोनवरचे आवाज रेकॉर्ड करून ठेवू देऊ नका, कितीही सोयीचं वाटलं तरी. विंगेत हेडसेट लावून माणसंच बसवा. आमच्याकडे एक मावशी विंगेतून दर प्रयोगाला वेगळ्या ठिकाणी श्वास घ्यायच्या, आणि मला फेडर खाली ओढायला दर वेळी नवी जागा शोधावी लागायची.