किर्द-खतावणी आणि काउंटर-स्ट्राइक

माझी अट एकच होती. तिकिटाचे पैसे मी देणार, सोबत मी येणार, तर आपण काय बघायला चाललोय ते मला आधी कळलं पाहिजे. लोक एकमेकांना गोळ्या घालताहेत आणि मी पाच तास तोंडाला कुलूप लावून बसले आहे, हे माझ्याच्यानं होणार नाही.

हे २०२४च्या जूनमधलं. आम्ही जर्मनीत आखेनला राहतो. चिरंजीवांना जुलैत सोळा पूर्ण होणार होती आणि ऑगस्टमध्ये शेजारच्या कोलोन शहरात काउंटर-स्ट्राइक या बंदुकांच्या कॉम्प्युटर गेमची आयईएम कोलोन ही स्पर्धा होती. बक्षिसं एकूण दहा लाख डॉलरची, त्यातले चार लाख विजेत्या संघाला. आत जायला सोळा पूर्ण हवीत. या तारखा जुळताहेत हे त्यानं बहुतेक चौदाव्या वर्षीच बघून ठेवलं असणार. त्याच्या बाबांना नेमकी अंतिम सामन्याच्या रविवारी ड्यूटी. म्हणजे उरले मी.

शिकवणी रात्रीच्या जेवणानंतर. जुन्या मॅचेस लावायच्या आणि मी प्रश्न विचारायचे. पहिले दोन दिवस वाईट गेले. पडद्यावर आपण कोणाच्या डोळ्यांनी बघतोय तेच समजेना. दर चार सेकंदांनी डोळे बदलतात, मला घाटातल्या एसटीत बसल्यासारखं मळमळायला लागलं. नियम तसे सोपे आहेत. पाच विरुद्ध पाच. एका बाजूनं ठरलेल्या दोन जागांपैकी एकीवर बॉम्ब लावायचा, दुसरीनं अडवायचं. एका राउंडला एक मिनिट पंचावन्न सेकंद. बॉम्ब लागला की चाळीस सेकंदांत फुटतो. निकामी करायला दहा सेकंद लागतात, चारशे डॉलरचं किट घेतलेलं असेल तर पाच. बारा राउंड झाले की बाजू बदलायच्या आणि आधी तेरा जिंकेल त्याचा तो नकाशा. नकाशा म्हणजे ज्या मैदानावर खेळतात ते. इथपर्यंत मला ते आट्यापाट्यांसारखं वाटलं, बंदुकांसकट.

"थांब," मी म्हटलं. "चारशे डॉलर? कोणाचे?"

"गेममधले गं. प्रत्येकाकडे पैसे असतात. बंदुका विकत घ्याव्या लागतात."

हे आधी सांगायला काय झालं होतं?

लग्नाआधी सांगलीत एका पतसंस्थेत मी सहा वर्षं किर्द-खतावणी लिहिली आहे. संध्याकाळी शिल्लक जुळल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही, अशी आमच्या साहेबांची शिस्त. तर मी वही घेतली आणि दर लिहून काढले. सुरुवातीला प्रत्येकाला ८०० डॉलर, म्हणजे फार तर एक बरं पिस्तूल. राउंड जिंकला की साधारण ३,२५०. हरलात तरी भरपाई आहे आणि सलग हरत गेलात की ती वाढते, १,४०० पासून पाचशे-पाचशेनं ३,४०० पर्यंत. एके-४७ ची किंमत २,७००. शिरस्त्राणासकट चिलखत १,०००. लांबून एका गोळीत काम तमाम करणारी एडब्ल्यूपी, जिला पोरं 'ऑप' म्हणतात, ती ४,७५०. मेलात तर हातातलं सगळं गेलं. वाचलात तर बंदूक पुढच्या राउंडला तुमचीच. आणि मला सगळ्यात आवडलेला नियम: हल्ला करणाऱ्या बाजूनं बॉम्ब न लावता नुसता जीव वाचवत वेळ काढला, तर अशा जिवंत राहिलेल्याला छदामही मिळत नाही. कामचुकारांसाठी इतका चोख नियम मी सहकार खात्यातसुद्धा पाहिला नाही.

मग 'इको' समजायला वेळ लागला नाही. पैसे कमी असतील तर पाचही जणांनी हात आखडायचा, तो राउंड सोडून द्यायचा आणि पुढच्याला पाचही जणांनी एकदम खरेदी करायची. एकानंच चैन केली की पुढच्या राउंडला बाकीचे चौघे बंदुका घेऊन आणि हा पिस्तूल घेऊन. चिरंजीव म्हणाले, "आई, हेच मी माझ्या टीममधल्या मुलांना सांगून थकलोय." त्यांच्या आयांनी भिशी चालवली नसेल, दुसरं काय.

अडलं ते 'सेव्ह'पाशी. तीन साथीदार मेले, बॉम्ब लागलाय, उरलेले दोघे चक्क पळून एका कोपऱ्यात लपून बसले. मला लाजच वाटली त्यांची. तो म्हणाला, "राउंड गेलाच आहे, निदान बंदुका तरी वाचवू देत." तेव्हा मला २०१९चा ऑगस्ट आठवला. कृष्णेचं पाणी आमच्या माहेरच्या गल्लीत शिरलं, तेव्हा दादानं फ्रिज-सोफ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कागदपत्रांची पिशवी, दागिने आणि गॅसचं सिलिंडर घेऊन तो वरच्या मजल्यावर गेला. खालचं घर गेलंच होतं.

१८ ऑगस्टला अंतिम सामना: व्हायटॅलिटी विरुद्ध नावी. व्हायटॅलिटी फ्रान्सचा संघ, नावी युक्रेनचा, पण खेळाडू अनेक देशांचे. नावीनं मार्चमध्ये कोपनहेगनचं मेजर, म्हणजे या खेळातली सगळ्यात मानाची स्पर्धा, जिंकलेलं, तर व्हायटॅलिटीकडे झायवू, म्हणजे तोवर २०१९, २०२० आणि २०२३ अशी तीन वर्षं जगात पहिला ठरलेला खेळाडू. मी सकाळी थालीपिठं लावली. गाडी चाळीस मिनिटं उशिरा आली आणि कोलोनच्या मुख्य स्टेशनाच्या पुढे जाणार नाही असं आयत्या वेळी जाहीर झालं. मग कॅथीड्रलच्या मागून पूल ओलांडून चालत निघालो. त्या पुलाच्या जाळीला प्रेमी जोडप्यांनी इतकी कुलपं लावली आहेत की मागची नदी धड दिसत नाही. चिरंजीव पुढे धावत, मी मागून पिशवी सांभाळत.

पुलाच्या निम्म्यातून ऱ्हाइनपलीकडचा अरीना दिसायला लागतो. प्रचंड गोल इमारत आणि छपरावरून आरपार गेलेली एक कमान. कोलोनचे लोक तिला 'हेंकेलमेनशेन' म्हणतात. हेंकेलमन म्हणजे कामगार कारखान्यात घेऊन जायचे तो कडीचा जेवणाचा डबा. कमान म्हणजे त्या डब्याची कडी. काउंटर-स्ट्राइकवाले मात्र याच इमारतीला 'काउंटर-स्ट्राइकचं कॅथीड्रल' म्हणतात. नदीच्या एका तीरावर खरं, दुसऱ्या तीरावर हे. माझं मत डब्याच्या बाजूनं.

दारात घोळ झाला. पिशवी ए-फोर कागदापेक्षा मोठी नको, बाहेरचं खाणं आत नको, आणि चिरंजीवांचं ओळखपत्र घरी टेबलावर. मोबाइलमधला फोटो त्यानं मोठ्या ऐटीत पुढे केला. दारावरच्या बाईंनी मान हलवली. मुलाचा चेहरा असा पडला की विचारू नका. पासपोर्ट माझ्या पिशवीच्या तळाशी होता. तिघांचेही असतात. परदेशात मी घराबाहेर पासपोर्टाशिवाय पडत नाही, यावर घरातले दोघेही हसतात. बाईंनी जन्मतारीख बघितली, बोटांवर मोजली आणि म्हणाल्या, "एक महिना. अभिनंदन."

आत जायच्या आधी पायऱ्यांवर बसून थालीपिठं संपवायची ठरली. दोन राहिली, ती फॉइलमध्ये गुंडाळून पिशवीत टाकली आणि पिशवी पैसे मोजून बाहेरच ठेवली.

आत पाऊल टाकलं आणि डोळे पिवळे झाले. दोन्ही संघांचे रंग पिवळा आणि काळा! एकमेकांविरुद्ध खेळणाऱ्यांनी निदान रंग तरी वेगळे घ्यावेत की नाही? हजारो पिवळ्या जर्सी, पिवळे झेंडे, वरून पिवळा प्रकाश. सोमवती अमावास्येला जेजुरीच्या पायऱ्यांवर उभं राहिल्यासारखं. कोण कोणाच्या बाजूचं हे शेवटपर्यंत मला ओरडण्यावरूनच कळत होतं.

स्टेजवर दोन बाजूंना पाच-पाच पोरं, मधोमध पडदे. आपल्याला दोन्ही संघ भिंतीआडूनसुद्धा दिसतात, खेळणाऱ्यांना दिसत नाहीत. कोण कुठल्या कोपऱ्यात दबा धरून बसलंय हे सगळ्या प्रेक्षागृहाला ठाऊक, फक्त ज्याच्या जिवावर बेतलंय त्याला नाही. लोकांच्या ओरडण्यावरून त्याला सुगावा लागू नये म्हणून खेळाडू कानात इयरफोन घालतात आणि त्यावर जाड हेडफोन. व्हायटॅलिटीचा कर्णधार एपेक्स ओरडण्यासाठीच प्रसिद्ध आहे. राउंड जिंकला की हा गडी खुर्चीतून अर्धा उठून किंचाळतो. ऐकू येत नव्हतं, पण मानेच्या शिरा मोठ्या पडद्यावर दिसत होत्या.

मी बघत होते ते आकडे. राउंड सुरू होण्याआधी खेळाडूंच्या नावापुढे प्रत्येकाची शिल्लक येते. गोळी लागून माणूस पडतो ते मला अजूनही बघवत नाही, त्यामुळे नजर आपोआप तिकडेच जायची. पहिल्या नकाशात एकदा मी सहज म्हणाले, "आता हे काही घेणार नाहीत." नाही घेतलं. पुढच्या खेपेला म्हटलं, "आता सगळे एकदम घेतील." घेतलं. पलीकडचा दाढीवाला मुलगा वाकून चिरंजीवांना विचारायला लागला, तुझी आई कुठल्या संघाची कोच आहे का? त्यानंतर दर राउंडला तो आधी माझ्याकडे बघायचा. एकदा चुकलेही. शिल्लक तुटपुंजी असताना पाचही जणांनी होती नव्हती ती खर्चून टाकली, आणि तो राउंड जिंकलासुद्धा. याला 'फोर्स' म्हणतात. पतसंस्थेत अशी माणसं मी पाहिली आहेत. त्यांची प्रकरणं पुढे वसुलीला जायची. पण इथं बारा-पंधरा हजार लोक त्यांच्यासाठी उभे राहिले होते आणि खरं सांगायचं तर मीही उभी होते.

अंतिम सामना पाचातले तीन नकाशे जिंकण्याचा असतो. व्हायटॅलिटीनं ३-१ असा घेतला. करंडक वर गेला, कागदाचे कपटे उडाले. चिरंजीव नावीचे. तो काही बोलला नाही, टाळ्या मात्र वाजवल्या. दाढीवाल्यानं जाताना माझा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला.

पिशवी सोडवून परतीची गाडी मिळेपर्यंत रात्र झाली. दुसऱ्या दिवशी राखीपौर्णिमा होती, दादाला फोन करायचा होता, उशीर झाला म्हणून तो राहिलाच. चिरंजीव खिडकीला डोकं टेकून झोपले. समोरच्या बाकावर पिवळ्या-काळ्या जर्सीतला एक विशीचा मुलगा येऊन बसला. जर्सीवरून मला आताही काही कळलं नाही. चेहऱ्यावरून कळलं. नावी. पाठीची पिशवी पोटाशी धरून तो जमिनीकडे बघत होता.

मी फॉइल उघडलं आणि त्याच्यापुढे धरलं. त्यानं आधी माझ्याकडे, मग झोपलेल्या मुलाच्या जर्सीकडे पाहिलं आणि एक थालीपीठ उचललं. दुसऱ्या घासाला थांबला. डोळ्यात पाणी.

"तिखट आहे?" मी विचारलं.

"थोडंसं," तो म्हणाला आणि दुसरंही घेऊ का असं विचारलं.