गवत खुरटलंय: ओढाताण मुळांशी आहे की उजेडासाठी?

दाटीतलं गवत खुरटलं की पहिला हात खताच्या पोत्याकडे जातो. पण खत लागू पडेल की उलटेल, हे शेजारची झाडं त्याचं नेमकं काय हिरावतायत यावर ठरतं.

जमिनीखाली पाणी आणि नत्र साधारण मुळांच्या पसाऱ्याप्रमाणे वाटलं जातं. मोठ्याला जास्त, लहानाला कमी, पण लहान रोपालाही काहीतरी मिळतंच. उजेडाचं तसं नाही. पातं थोडंसंच उंच गेलं तरी वरचा बहुतेक उजेड तेच अडवतं. म्हणून चार-पाच दिवस आधी उगवलेल्या रोपाची आघाडी पुढे वाढतच जाते.

शिवाय प्रत्यक्ष सावली पडण्याआधीच गवताला शेजाऱ्याची चाहूल लागते. हिरवी पानं लाल प्रकाश शोषतात आणि दूरलाल प्रकाश (लालच्या पलीकडचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा) परत फेकतात. मोकळ्या उन्हात लालचं दूरलालशी प्रमाण सुमारे १.२ असतं, दाट पाल्याखाली ते ०.२ च्याही खाली जातं. प्रमाण घसरलं की बुंध्याजवळच्या कळ्या फुटत नाहीत आणि पाती लांबायला लागतात. फुटवे कमी म्हणजे गवताचा ठोंब विरळ. मला यात हीच सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते, कारण एकेका पात्याच्या उंचीपेक्षा फुटव्यांची संख्याच गवताचं उत्पन्न जास्त ठरवते.

दोन्ही ओढाताणी वेगळ्या करून पाहायच्या असतील तर कुंड्यांचा प्रयोग पुरतो. २० सेंमी व्यासाच्या २५ कुंड्या घ्या, चाळलेली माती आणि वाळू समभाग भरा. पाच गट, प्रत्येकात पाच कुंड्या: पूर्ण कुंडीत एकटं रोप, मधोमध प्लास्टिकचा पडदा घालून अर्ध्या कुंडीत एकटं रोप, फक्त मुळं एकत्र, फक्त पाती एकत्र, दोन्ही एकत्र. शेजारी म्हणून चार रोपं पुरेत. सगळी रोपं एकाच दिवशी, दोन-तीन पानांवर असताना लावा. मुळं एकत्र पण पाती वेगळी ठेवायची असतील तर शेजाऱ्यांची पाती नायलॉनच्या जाळीने मागे ओढून बांधा. मध्ये पुठ्ठा उभा करू नका, त्याचीच सावली पडते. जाळी आठवड्याला सैल करा, नाहीतर पाती मोडतात आणि शेजारीच दुबळा होतो.

अर्ध्या कुंडीतलं एकटं रोप बरेचजण वगळतात आणि तिथेच निष्कर्ष फसतो. ‘फक्त पाती एकत्र’ गटात मुळं वेगळी ठेवायला पडदा घालावाच लागतो आणि त्यामुळे मातीच अर्धी होते. म्हणून या गटाची तुलना अर्ध्या कुंडीतल्या रोपाशी करायची, ‘फक्त मुळं’ आणि ‘दोन्ही’ या गटांची पूर्ण कुंडीतल्या रोपाशी. पडदा तळाशी नीट चिकटवा, मुळं खालच्या फटीतून पलीकडे जातात. कुंड्यांच्या जागा आठवड्याला बदला, फुटवे मोजत राहा. आठ आठवड्यांनी रोप बुंध्याशी कापून ६५-७० अंश सेल्सिअसला ४८ तास वाळवा आणि वजन करा. ओलं वजन फसवं असतं. प्रयोग आठ आठवड्यांहून लांबवला तर मुळं कुंडीत कोंडतात आणि स्पर्धेऐवजी कुंडीचाच परिणाम मोजला जातो.

मोकळ्या जमिनीवर पिवळेपणावर विसंबू नये. नत्र कमी पडलं तरी खालची पाती पिवळी पडतात आणि सावलीतही पडतात. पाती लांब, मऊ आणि फुटवे मोजके असतील तर अडचण उजेडाची. पाती आखूड, ताठ आणि फिकी असतील तर बहुधा मुळांची.

मुळांशी ओढाताण असेल तर नत्र आणि पाणी द्या, शेजारी मुळासकट काढा. उजेडाची असेल तर मात्र नत्र देऊ नका, त्याने उंच शेजारीच आधी उसळतो. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात १८५६ पासून चालू असलेल्या कुरणाच्या प्रयोगात नत्र मिळालेल्या वाफ्यांत वनस्पतींच्या जाती घटत गेल्या. त्याला मातीची वाढलेली आम्लताही कारण आहे, पण उंच गवतांनी खालच्यांचा उजेड तोडणं हे मोठं कारण.

अशा वेळी कापणी कामाला येते. गवताचा वाढबिंदू, फुलोरा वर येईपर्यंत, बुंध्याशी असतो. उभ्या वाढणाऱ्या रुंदपानी तणाचा शेंड्याला. ७-८ सेंमीवर कापलं तर तणाचा शेंडा जातो आणि गवत खालून पुन्हा फुटतं. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कापू नका, फार कापलं तर मुळांची वाढ थांबू शकते. जमिनीला चिकटून पानं पसरणारी तणं मात्र कापणीच्या पात्याखालून सुटतात, ती हातानेच उपटावी लागतात.